दुय्यम पात्राला स्वतःचं कॉमिक कधी मिळतं? पॉपाय, अंकल स्क्रूज आणि आपला घटोत्कच

मुंबईच्या ‘अमर चित्रकथा’ने १९८५ मध्ये महाभारताची मोठी मालिका सुरू केली. एकूण ४२ अंक आणि चित्रं दिलीप कदम यांची. पण ही मालिका आली तोवर कर्ण, भीष्म, अभिमन्यू, द्रौपदी आणि घटोत्कच यांचे स्वतंत्र अंक मुलांनी वाचून आणि मित्रांशी अदलाबदल करून पार जुने केले होते. मुख्य कथा मागून आली आणि तिच्यातली माणसं आधीच आपापली पुस्तकं घेऊन बसली होती.

कॉमिक्सच्या जगात हे सहसा उलट घडतं. आधी एक मालिका चालते. तिच्यात नायकाचा मित्र, शत्रू, नोकर, मामा किंवा एखादा वाटसरू म्हणून कोणीतरी येतं आणि वाचकांना ते पात्र नायकापेक्षा जास्त आवडू लागतं. मग प्रकाशक त्याच्या नावाची वेगळी मालिका काढतो. अशा मालिकेला ‘स्पिन-ऑफ’ म्हणतात. मराठी घरातलं उदाहरण द्यायचं तर धाकट्याने वेगळी चूल मांडावी, तसंच हे. चूल वेगळी झाली तरी आडनाव मूळ घराचंच राहतं.

आपल्याकडे हा क्रम उलटा का झाला आणि त्यामुळे पात्रांच्या वाट्याला काय आलं, हे पाहण्याआधी नेहमीचा रस्ता कसा असतो ते पाहू.

एका कामापुरता आलेला खलाशी

या विषयातलं सगळ्यात गाजलेलं उदाहरण पॉपायचं. अमेरिकी चित्रकार ई. सी. सीगर १९१९ पासून ‘थिंबल थिएटर’ नावाची चित्रपट्टी काढत होता. तिच्यात ऑलिव्ह ऑइल, तिचा भाऊ कॅस्टर ऑइल आणि ऑलिव्हचा प्रियकर हॅम ग्रेव्ही ही मंडळी होती. दहा वर्षं पट्टी बरी चालली. मग एका कथेत कॅस्टरला समुद्रप्रवासासाठी खलाशी हवा होता. १७ जानेवारी १९२९ रोजी त्याने गोदीवर उभ्या असलेल्या एका डोळेफुटक्या माणसाला विचारलं, खलाशी आहेस का? तो पॉपाय.

कथा संपली तसा पॉपायही गेला. सीगरच्या हिशेबात त्याचं काम झालं होतं. वाचकांना ते पटलं नाही, आणि पॉपाय परत आला. पुढे ऑलिव्ह त्याची झाली, पट्टी त्याच्या नावाने ओळखली जाऊ लागली आणि दहा वर्षांचा जुना हॅम ग्रेव्ही बाजूला पडला. आज हॅम ग्रेव्ही कोण, हे विचारलं तर उत्तर फार थोड्यांना देता येईल. दुय्यम पात्र मोठं होतं तेव्हा कोणाची तरी जागा जाते. स्पिन-ऑफच्या कौतुकात हा भाग सहसा राहून जातो.

बेल्जियममध्येही असंच झालं. पेयो हा चित्रकार जोहान आणि पिविट या दोघांची मध्ययुगीन साहसं रंगवत असे. २३ ऑक्टोबर १९५८ च्या अंकात त्याने जंगलात राहणारे छोटे निळे जीव आणले, तेही एका बासरीच्या गोष्टीपुरते. हेच स्मर्फ. पुढच्याच वर्षी त्यांच्या स्वतंत्र गोष्टी सुरू झाल्या. बिचारे जोहान आणि पिविट यानंतर मागेच पडत गेले.

कंजूष काकाला भूतकाळ मिळतो

नव्वदच्या दशकात रविवारी दूरदर्शनवर ‘डकटेल्स’ बघणाऱ्यांना अंकल स्क्रूज पक्का आठवत असेल. नाण्यांच्या ढिगाऱ्यात सूर मारणारा हा बदक मुळात डोनाल्ड डकच्या गोष्टीतलं एक दुय्यम पात्र. कार्ल बार्क्स या चित्रकाराला १९४७ च्या नाताळच्या गोष्टीसाठी एक श्रीमंत नातेवाईक हवा होता, ज्याचं डोंगरात घर असेल. नाव त्याने डिकन्सच्या कंजूष स्क्रूजवरून घेतलं. पहिल्या गोष्टीतला हा काका वाकलेला, किरकिरा आणि माणूसघाणा म्हातारा आहे.

१९५२ मध्ये त्याच्या नावाचं पुस्तक निघालं. तेव्हा अडचण अशी होती की नुसत्या कंजूषपणावर एक विनोद होतो, पुस्तक होत नाही. म्हणून बार्क्सने त्याला भूतकाळ दिला. तरुणपणी तो क्लोंडाइकला सोनं शोधायला गेला होता, कष्टाने पैसा उभा केला होता आणि आयुष्यात कमावलेलं पहिलं नाणं त्याने अजून जपून ठेवलं होतं. म्हाताऱ्याचा चिक्कूपणा तोच राहिला, पण आता त्यामागे कारण होतं. दुय्यम पात्राला एक स्वभाव असला की भागतं. नायक व्हायचं तर त्या स्वभावाचा इतिहास लागतो. बार्क्सला हे कळलं होतं. त्याचं स्वतःचं नाव मात्र वर्षानुवर्षं त्या पुस्तकांवर छापलं जात नव्हतं. वर नाव असायचं ते वॉल्ट डिस्नेचं.

सुपरमॅनच्या घरातली गोष्ट जरा वेगळी. त्याचा तरुण सहकारी जिमी ओल्सन याला १९५४ मध्ये स्वतःचं पुस्तक मिळालं. सुपरमॅनच्या दूरचित्रवाणी मालिकेमुळे जिमीचं पात्र तेव्हा लोकप्रिय झालं होतं. पण पुस्तकाच्या नावातच ‘सुपरमॅनचा दोस्त जिमी ओल्सन’ असं होतं. १९५८ मध्ये लोइस लेनचं पुस्तक आलं तेही ‘सुपरमॅनची मैत्रीण’ म्हणून. वास्तविक लोइस १९३८ च्या पहिल्या गोष्टीपासून हजर होती, उत्तम पत्रकार होती, तरी तिची पाळी जिमीनंतर आली आणि दारावर पाटी दुसऱ्याचीच राहिली. दोन्ही मालिका १९७४ पर्यंत चालल्या. पोटभाडेकरूसाठी हा मुक्काम लांबच म्हणायचा.

नंतरच्या काळात हा प्रकार नेहमीचा झाला. हल्कच्या अंकात १९७४ मध्ये आलेल्या वूल्व्हरिनला १९८२ मध्ये छोटी मालिका मिळाली. स्पायडरमॅनला मारायला आलेला पनिशर बारा वर्षांनी स्वतःच्या पुस्तकाचा नायक झाला. हार्ली क्विन तर मुळात कॉमिकमध्ये नव्हतीच. ती १९९२ मध्ये बॅटमॅनच्या कार्टून मालिकेत जोकरची साथीदार म्हणून आली आणि तिथून कॉमिकमध्ये शिरली.

बत्तीस पानांत मावणारा माणूस

आता मुंबईकडे येऊ. भारतात कॉमिक्सचा बाजार तयार केला तो ‘इंद्रजाल कॉमिक्स’ने. टाइम्स ऑफ इंडियाच्या कंपनीने मार्च १९६४ मध्ये ते सुरू केलं. ली फॉकचा फँटम मराठी वाचकांना ‘वेताळ’ म्हणून माहीत झाला तो या अंकांतून. याच कंपनीत अनंत पै काम करत होते. १९६७ मध्ये दिल्लीत दूरदर्शनवरच्या एका प्रश्नमंजुषेत मुलांना ग्रीक देवांची माहिती होती, पण रामाच्या आईचं नाव सांगता आलं नाही, हे त्यांनी पाहिलं. हा किस्सा ते नेहमी सांगत. त्याच वर्षी इंडिया बुक हाउसच्या मदतीने ‘अमर चित्रकथा’ उभी राहिली. राम वाईरकर, प्रताप मुळीक, दिलीप कदम यांच्यासारख्या मराठी चित्रकारांनी तिचं रूप घडवलं. राम वाईरकरांनी काढलेला ‘कृष्ण’ हा या मालिकेतला भारतीय कथेवरचा पहिला अंक.

अंकाचा साचा ठरलेला होता. ३२ पानं आणि एका अंकात एक पूर्ण कथा, तीही बहुतेक एका माणसाची. दुय्यम पात्रांचं नशीब या साच्याने उघडलं. कृष्णाचं आयुष्य बत्तीस पानांत बसवायचं तर बराच भाग गाळावा लागतो. अर्जुनाचीही तीच गत. घटोत्कच मात्र नेमका मावतो. अरण्यात जन्म, आई हिडिंबा, सोडून गेलेला बाप भीम, हाक आली की धावून येणं, युद्ध आणि मृत्यू. अभिमन्यूची गोष्ट तर आणखी आटोपशीर.

शिवाय महाभारत समजावून सांगायची गरज नव्हती. सुपरमॅन कोण हे माहीत असल्याशिवाय जिमी ओल्सनचं पुस्तक कोणी घेणार नाही, म्हणून प्रकाशकाला आधी सुपरमॅन विकावा लागला. इथे मुख्य कथा छापलेली नसली तरी लोकांच्या डोक्यात होती. भंडारा जिल्ह्यातलं उदाहरण घेतलं की हे लगेच कळतं. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली हा झाडीपट्टीचा मुलूख. दिवाळीनंतर इथे गावोगावी मंडई भरते आणि रात्री दंडार, खडी गंमत नाहीतर नाटक रंगतं. पुराणातला एखादा प्रसंग रंगला तर आधी काय झालं आणि हा कोणाचा कोण, हे सांगत बसावं लागत नाही. समोर बसलेल्या आजीला ते नटापेक्षा जास्त माहीत असतं. ‘अमर चित्रकथा’च्या वाचकाची स्थिती फार वेगळी नव्हती. ज्या मुलाला माहीत नसेल, त्याला घरातलं कोणीतरी सांगणारं होतं.

लोककथेने तर दुय्यम पात्रांना नवे प्रसंगही दिले. बलरामाची मुलगी वत्सला आणि अभिमन्यू यांच्या लग्नात घटोत्कच मायावी खेळ करतो, ही ‘मायाबाजार’ची कथा व्यासांच्या महाभारतात नाही. ती लोकांनी रचली. तिच्यावर नाटकं झाली, चित्रपट निघाले. १९४९ मध्ये दत्ता धर्माधिकारी यांचा मराठी ‘मायाबाजार’ आला. घटोत्कचाचा पहिला स्पिन-ऑफ कॉमिकच्या कितीतरी आधीचा आहे.

एकच मृत्यू, दोन पुस्तकं

घटोत्कचाची गोष्ट स्वतंत्र छापल्याने काय बदलतं, हे त्याच्या मृत्यूच्या प्रसंगात दिसतं.

युद्धाच्या चौदाव्या दिवशी रात्रीही लढाई चालू राहते. रात्री राक्षसांचं बळ वाढतं, म्हणून घटोत्कचाला कर्णावर सोडलं जातं. कौरवसेनेची दाणादाण उडते. कर्णापाशी इंद्राने दिलेली शक्ती असते. ती एकदाच वापरता येणार आणि त्याने ती अर्जुनासाठी राखून ठेवलेली. शेवटी नाइलाजाने तो ती घटोत्कचावर टाकतो. पांडव शोकात बुडतात, पण द्रोणपर्वातला कृष्ण आनंदाने नाचतो आणि अर्जुनाला मिठी मारतो. कारण अर्जुन आता वाचला. पुढे जाऊन तो असंही सांगतो की कर्णाने घटोत्कचाला मारलं नसतं, तर कधीतरी आपल्यालाच ते करावं लागलं असतं.

पूर्ण महाभारत वाचणाऱ्यासाठी हा डावपेच आहे. मोठ्या पटावरचं एक मोहरं गेलं आणि राजा सुरक्षित झाला. पण ज्या मुलाने पहिल्या पानापासून घटोत्कचाचं बोट धरलंय, त्याच्या लेखी शेवटच्या पानावर नायक मेला आणि ज्यांच्यासाठी तो मेला त्यांच्यातला एक जण खूश आहे. प्रसंग तोच आणि माणसंही तीच. तरीही मुखपृष्ठावर कोणाचं नाव आहे, यावर हळहळ कोणाच्या वाट्याला जाईल ते ठरतं. दुय्यम पात्राला स्वतःचं पुस्तक देणं ही नुसती विक्रीची युक्ती नसते, ती इथे कळते. अरण्यातल्या आईच्या मुलाला कथेच्या मधोमध आणलं की राजपुत्रांकडे बघायची नजरही बदलते.

कर्णाच्या बाबतीत मराठी वाचकाने हे फार जोरात अनुभवलं. ज्या वर्षी ‘अमर चित्रकथा’ सुरू झाली, त्याच १९६७ मध्ये शिवाजी सावंतांची ‘मृत्युंजय’ आली. कर्ण, कुंती, दुर्योधन, शोण, वृषाली आणि कृष्ण अशा सहा जणांच्या तोंडून ती सांगितलेली आहे. अर्जुनाला तिथे बोलायची जागा नाही. पुढे रणजित देसाईंची ‘राधेय’ आली. या दोन कादंबऱ्यांनंतर मराठी घरात कर्णाबद्दल वाईट बोलणं अवघड झालं. द्यूतसभेत द्रौपदीला तो काय बोलला, याची आठवण करून दिली तर अजूनही वाद होतो. पॉपाय मोठा झाला तेव्हा हॅम ग्रेव्ही गेला, इथे अर्जुन थोडा लहान झाला.

पण आपल्या या पात्रांना एक बंधनही असतं. अंकल स्क्रूजची साहसं दर महिन्याला काढता येतात, कारण तो म्हातारा असला तरी मरत नाही. कर्ण सतराव्या दिवशी जातो, अभिमन्यू तेराव्या दिवशी. शेवट सगळ्यांना ठाऊक आहे आणि बदलता येत नाही. म्हणून ‘अमर चित्रकथा’त कर्णाचा अंक निघाला, पण कर्णाची मालिका चालली नाही. पाश्चात्त्य स्पिन-ऑफ पात्राला पुढचं आयुष्य देतो. आपला स्पिन-ऑफ त्याच आयुष्याकडे दुसऱ्या बाजूने बघायला लावतो.

महाराजांच्या कथेतले सरदार

महाराष्ट्रात दुय्यम पात्रांचा सगळ्यात मोठा साठा पुराणांत नाही, शिवकाळात आहे. ‘अमर चित्रकथा’ने शिवाजी महाराजांवर अंक काढला, तसा तानाजीवरही स्वतंत्र अंक काढला. अर्थात तानाजीला हे काही नवीन नव्हतं. ४ फेब्रुवारी १६७० च्या कोंढाण्याच्या लढाईवर शाहीर तुळशीदासाचा पोवाडा आहे. हरी नारायण आपट्यांची ‘गड आला पण सिंह गेला’ ही कादंबरी विसाव्या शतकाच्या सुरुवातीची आणि तिच्यावरून व्ही. शांताराम यांनी १९३३ मध्ये ‘सिंहगड’ काढला. पोवाडा, कादंबरी, बोलपट, कॉमिक आणि २०२० चा हिंदी चित्रपट अशी तानाजीची वाटचाल आहे. इतक्या माध्यमांतून स्वतःच्या नावावर उभं राहिलेलं दुसरं दुय्यम पात्र मराठीत शोधावं लागेल.

अलीकडे दिग्पाल लांजेकर यांनी तर हीच पद्धत चित्रपटांत पक्की केली. २०१८ मध्ये ‘फर्जंद’ आला. पन्हाळा थोड्याशा माणसांनिशी घेणारा कोंडाजी फर्जंद त्याआधी शाळेच्या पुस्तकात ओळीभराचा मानकरी होता. मग बाजीप्रभूंवरचा ‘पावनखिंड’ आणि तानाजीवरचा ‘सुभेदार’ आले. एका मुख्य कथेतून एकेक सरदार बाहेर काढायचा आणि त्याला पूर्ण चित्रपट द्यायचा, ही रचना अमेरिकी कॉमिक कंपन्यांना लगेच ओळखीची वाटेल.

मात्र घटोत्कचाच्या पुस्तकात जे होतं ते इथे होत नाही. या कथांत सरदार कितीही मोठा झाला तरी महाराजांची उंची तसूभर कमी होता कामा नये, ही प्रेक्षकाची अट असते. त्यामुळे सरदाराचं घर, त्याचा राग, त्याचा स्वतःचा एखादा हट्ट यांना जेमतेम जागा मिळते. तानाजीने मुलाचं लग्न बाजूला ठेवून मोहिमेवर जाणं सगळ्यांना पाठ आहे. पण त्या घरात तो निर्णय कसा उतरला असेल, हे सांगायला त्याच्या नावाचा पोवाडाही फार थांबत नाही. जिमी ओल्सनच्या पुस्तकावर सुपरमॅनचं नाव होतं, तसं इथे ते न छापताही असतंच.

गुंड्याभाऊंना जमलं, पप्पूला नाही

शुद्ध कल्पनेतल्या मराठी पात्रांत असा मान मिळालेली माणसं कमी आहेत. ठळक अपवाद गुंड्याभाऊंचा. चिं. वि. जोशी यांच्या चिमणरावांचा हा नात्यातला भाऊ, हाती सोटा घेतलेला आणि अंगापिंडाने दणकट. चिमणराव भित्रे म्हणून गुंड्याभाऊ धाडसी, अशी ती जोडी. पुढे ‘गुंड्याभाऊ’ नावाचं पुस्तक निघालं. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस मुंबई दूरदर्शनवर मालिका आली तेव्हा तिच्या नावात दोघंही होते. दिलीप प्रभावळकरांच्या चिमणरावाइतकेच बाळ कर्वे यांचे गुंड्याभाऊ लोकांच्या लक्षात राहिले.

खरी चित्रपट्टी बघायची तर चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांचा ‘चिंटू’. १९९१ मध्ये ‘सकाळ’मध्ये तो सुरू झाला. पप्पू, मिनी, बगळ्या, राजू, नेहा, जोशीकाकू, सतीशदादा अशी भरगच्च वसाहत त्याच्या भोवती होती. जोशीकाकूंचा राग किंवा मिनीचा शहाणपणा एखाद्या वेगळ्या पट्टीला सहज पुरला असता. पण रोजच्या तीन-चार चौकटींत पात्राला स्वभाव मिळतो, भूतकाळ मिळायला सवड नसते. दुसरी गोष्ट पैशाची. वेगळी मालिका काढायची तर दर महिन्याला निघणारं कॉमिक, ते विकणारी दुकानं आणि ते नेमाने घेणारी मुलं लागतात. अमेरिकेत हे कोपऱ्याकोपऱ्यावर होतं. मराठीत चित्रपट्टी वर्तमानपत्राच्या पोटात राहिली आणि पेपर एकाच पट्टीसाठी जागा देतो. चिंटूचे संग्रह निघाले, २०१२ आणि २०१३ मध्ये दोन चित्रपटही आले. दोन्हींच्या नावात चिंटूच होता.